सर्व्हर सांभाळणाऱ्यांना भोरहून पत्र

सरकारी सेवांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,



मी भोरमध्ये दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. गेल्या आठवड्यात वेळवंड खोऱ्यातून एक मावशी सकाळच्या एसटीने आल्या. भातलावणीचे दिवस, म्हणजे रोजाचा खाडा. कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले, तरी रेशनकार्डाची कड भिजलीच होती. ओटीपी जायचा पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाच्या मोबाइलवर. त्याने तीनदा सहा आकडे सांगितले, मी तीनदा टाकले. तिन्ही वेळा चक्र नुसते फिरत राहिले. चौथ्यांदा त्याने फोन उचलला नाही. शिफ्ट सुरू झाली असणार. वेल्ह्यातल्या मित्राला विचारले, तिथेही तेच. ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच मी मावशींना सांगू शकलो. का डाऊन, हे मलाही कोणी सांगितलेले नाही.

कारणे अनेक असतात. त्यातले एक टाळणे मात्र तुमच्याच हातात आहे. डेटाबेसमध्ये कधी कधी अशी त्रुटी राहते, की मुद्दाम रचलेली एक क्वेरी आली तरी तो कोसळतो. माहिती चोरीला जात नाही, नोंद बदलत नाही, म्हणून अशा त्रुटीकडे ‘नंतर बघू’ म्हणून पाहिले जाते. मला हे अजिबात पटत नाही. ज्या बाईचा दिवस बुडाला, तिच्यासाठी नुकसान पूर्णच झालेले असते.

‘नंतर बघू’ची किंमत जगाने एकदा मोजली आहे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा अवघ्या ३७६ बाइटचा वर्म मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या त्रुटीतून घुसला. दहा मिनिटांत जगभरातले हजारो सर्व्हर त्याने गाठले. त्यांनी ओतलेल्या रहदारीने नेटवर्क तुंबले, अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली. त्या त्रुटीचा पॅच जुलै २००२ मध्येच आला होता. सहा महिने तो लावायचा राहिला होता, इतकेच.

आजही मायएसक्यूएल या डेटाबेसचे सुरक्षा पॅच दर तीन महिन्यांनी येतात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या मुख्य आवृत्तीला पाच वर्षेच दुरुस्त्या मिळतात. तुमची आवृत्ती जाहीर करा, असे मी म्हणत नाही. त्याने हल्लेखोराचेच काम सोपे होईल. शेवटचा पॅच कोणत्या तारखेला लावला, तेवढे सांगा. पॅच रात्री लावा आणि आम्हाला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मी खोऱ्यात फोन करून माणसांना थांबवीन. सेवा बंद राहिली, तर अर्जाची मुदत तितके दिवस आपोआप वाढू द्या.

मावशी येत्या सोमवारी पुन्हा येणार आहेत. मुलाने त्या दिवशी सुट्टी टाकली आहे.

आपला,
भोरचा एक केंद्रचालक