दीडशे अक्षरांचा उन्हाळा

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्यावर संशय घेणं तुम्हाला सोपं जाईल. मागच्या हिवाळ्यात मी जुहूतल्या एका अकरावीच्या मुलाचं ‘संशोधन’ करून दिलं. करवून घेतलं नाही, करून दिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी दुपारी, जेव्हीपीडीतल्या एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मधे एक कन्सल्टन्सी होती. ती त्या घराकडून किती घेत होती ते मला माहीत नाही, मला तासाला अडीच हजार मिळायचे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पगार बरा आहे, तरी घराचा हप्ता आहेच. तर मी गेलो.

विषय होता मुंबईची हवा. मशीन लर्निंग वापरून उद्याची हवा ‘समाधानकारक’ असेल, ‘मध्यम’ असेल की ‘वाईट’ हे आज सांगायचं. हा विषय कन्सल्टन्सीनेच सुचवला होता, कारण त्यात पर्यावरण आहे, एआय आहे आणि ‘माझं शहर’ पण आहे. फेब्रुवारीत पोस्टर तयार झालं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, अचूकता ८४ टक्के. हे पोस्टर आणि त्यावरचा निबंध अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाच्या हायस्कूलवाल्यांसाठीच्या समर प्रोग्रामच्या अर्जाला जोडला गेला. मुलाला प्रवेश मिळाला.

मुलगा मठ्ठ नव्हता, हे मुद्दाम सांगतो. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्याने मला विचारलं होतं, ‘‘सर, पण हे बरोबर आहे हे आपल्याला कळणार कसं?’’ तीन महिन्यांत त्या खोलीत बोललं गेलेलं ते एकमेव शास्त्रीय वाक्य. मी काय म्हणालो? ‘‘ते आपण शेवटी बघू.’’ शेवटी बघितलं नाही. अर्जाची तारीख जवळ आली होती.

आता हा धंदा काय आहे ते सांगतो, कारण सायन-पनवेल किंवा नाशिक-सोलापूरकडच्या वाचकांना कदाचित तो अंधुकच माहीत असेल. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांची हॉस्टेलं रिकामी पडतात. मग तिथे पंधरा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी दोन-तीन आठवड्यांचे वर्ग भरतात. नाव ‘प्री-कॉलेज’. दोन आठवड्यांचे पाच-सहा हजार डॉलर सहज होतात, म्हणजे विमानाचं तिकीट धरण्याआधीच पाच लाखांच्या आसपास. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये तर खासगी कंपन्या कॉलेजांच्या खोल्या भाड्याने घेऊन स्वतःचेच वर्ग चालवतात. मुलगा ऑक्सफर्डला गेला होता हे खरंच असतं. विद्यापीठाने त्याला शिकवलं होतं का, हा प्रश्न वेगळा. आणि गंमत म्हणजे यातली कित्येक विद्यापीठं आपल्याच पानावर बारीक अक्षरांत लिहून ठेवतात की या प्रोग्रामला आल्याने पुढे पदवीच्या प्रवेशात काही फायदा होत नाही. बारीक अक्षरं जुहूत कोण वाचतंय!

अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ज्या ‘कॉमन ॲप’ अर्जातून प्रवेश देतात, त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टी लिहायला दहा जागा असतात. प्रत्येक गोष्टीच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. शब्द नव्हेत, अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. त्या दहांतली एक जागा भरायला पाच लाख, आणि तिथे पोचण्यासाठीचं संशोधन वेगळं. अमेरिकेत प्रोपब्लिकाने २०२३ मध्ये याच संशोधनाच्या बाजारावर सविस्तर लिहिलं होतं : पैसे भरून मिळणारे मार्गदर्शक, पैसे भरून मिळणारं प्रकाशन. ते वाचताना मी नाव नसलेल्या पात्रासारखा त्यात स्वतःला शोधत होतो.

इथे कोणीतरी म्हणेल, श्रीमंतांनी आपले पैसे कशावर उधळावेत ते तू कोण सांगणार? बरोबर. त्यांनी खुशाल उधळावेत. माझं भांडण फ्लॅटवाल्यांशी नाही. त्या मुलाच्या आईने मला दर शनिवारी जेवूनच पाठवलं, आणि तो जुलैत दोन आठवडे जाऊन आला तेव्हा खूश होता. तिथे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा चालायच्या म्हणाला. सोळाव्या वर्षी अनोळखी, हुशार पोरांबरोबर रात्रभर गप्पा मारायला मिळणं ही फार मोठी चीज आहे. मला ती मिळाली नाही म्हणून तिची किंमत कमी होत नाही. माझं भांडण आहे ते ही चीज फक्त दुकानात ठेवल्याशी. आणि ज्यांचं काम ती दुकानाबाहेर ठेवण्याचं आहे, ते मे महिन्यात गेटला कुलूप लावून बसतात, याच्याशी.

कारण ही कल्पना मुळात वाईट नाही. आर्नॉल्ड रॉस नावाच्या गणितज्ञाने १९५७ मध्ये शाळकरी मुलांसाठी उन्हाळी गणिताचा वर्ग सुरू केला, तो आजही चालतो. त्याच वाटेने बोस्टन विद्यापीठात १९८९ पासून ‘प्रॉमिस’ चालतो. दोन्हीकडे प्रवेशासाठी आधी गणितं पाठवतात, घरी बसून आठवडेच्या आठवडे डोकं खाणारी. १९८४ पासून चालणाऱ्या आणि आता एमआयटीत भरणाऱ्या ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’मध्ये सहा आठवडे शिकायचे पैसेच घेत नाहीत. आणि ज्या ऑक्सफर्डच्या खोल्या भाड्याने जातात, तेच विद्यापीठ ब्रिटनच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी ‘युनिक’ नावाचा उन्हाळी वर्ग फुकट चालवतं. म्हणजे दुकान आणि पाणपोई एकाच आवारात असू शकतात. आपण फक्त दुकानाचा पत्ता पाठ केला.

आपल्याकडे पाणपोई नव्हती असंही नाही. पुण्याच्या आयुकात नव्वदच्या दशकात, जयंत नारळीकर संचालक असताना, शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार मुलांनी आयुकात यायचं, एका शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं, लायब्ररी वापरायची, शेवटी आठवडाभर काय केलं ते लिहून द्यायचं. ठरलेला अभ्यासक्रम नाही. हे पुन्हा वाचा : ठरलेला अभ्यासक्रम नाही. विश्वाच्या उत्पत्तीवर काम करणारा माणूस नववीतल्या पोराला विचारतो, तुला कशाचं कुतूहल आहे? पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून त्याच आवारात ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा माझ्या फीडवर त्यांच्या विज्ञानकथा होत्या, हॉयल होते, पुरस्कार होते. या आठवड्यांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑलिम्पियाडची शिबिरं तिथे एप्रिल-मेच्या सुमारास भरतात आणि ती उत्तम असतात. पण तिथे पोचतात ती देशभरातून गाळून गाळून उरलेली काही डझन मुलं. ती गाळणी तशीच हवी, स्पर्धेसाठी संघ निवडायचा असतो. प्रश्न गाळणीच्या खाली राहिलेल्यांचा आहे. त्यांच्यासाठी पूर्वी दोन आधार होते. एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध, १९६३ पासून चालू होती. २०२१ मध्ये थांबली. केव्हीपीवाय १९९९ मध्ये सुरू झाली, तिच्यात शिष्यवृत्तीबरोबर शास्त्रज्ञांच्या सहवासातली शिबिरं होती. २०२२ मध्ये ती गुंडाळली. सरकार म्हणालं की ती ‘इन्स्पायर’मध्ये विलीन केली. आमच्या कंपनीत एखादं प्रॉडक्ट बंद करायचं असलं की आम्हीही ‘विलीन’ हाच शब्द वापरतो.

दरम्यान २०२३ पासून लोढा फाउंडेशनच्या पैशातून हुशार शाळकरी मुलांसाठी एक मोठा उन्हाळी प्रोग्राम सुरू झाला. चांगली गोष्ट. भरतो कुठे? हरियाणात, सोनिपतला, अशोका विद्यापीठात. मुंबईत टॉवर बांधून कमावलेला पैसा मुंबईत एक वर्ग शोधू शकला नाही, यात मी बिल्डरला दोष देणार नाही. मुंबईतल्या कुठल्या सार्वजनिक विद्यापीठाने हात वर करून ‘आमच्याकडे या’ म्हटलं असतं?

आता माझ्या मामेबहिणीकडे येतो. ती जुहूच्याच नेहरूनगरात राहते, त्या नवव्या मजल्यावरून बहुधा तिचं पत्र्याचं छप्पर दिसतही असेल. मार्चमध्ये तिची दहावी संपली. महाराष्ट्रात दहावीनंतरचा उन्हाळा हा आयुष्यातला सगळ्यात लांब उन्हाळा. मार्चमध्ये पेपर संपतात, मग निकाल, मग अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या, आणि प्रत्यक्ष कॉलेज सुरू व्हायला ऑगस्ट उजाडतो. चार महिने! अमेरिकेतला कुठलाही प्री-कॉलेज यात दोनदा बसेल. आणि या चार महिन्यांत मराठी घरातलं पोर काय करतं? एमएससीआयटी. मी केली, माझ्या बहिणीने केली, आमच्या अख्ख्या चाळीने केली. हल्ली दुसरा पर्याय नीट किंवा जेईईच्या क्लासचा, पण त्याची फी मामाला झेपणारी नव्हती. ती पाचेक हजार भरून एमएससीआयटीला बसली आणि एक्सेल शिकली.

एप्रिलमध्ये ती मला म्हणाली, ‘‘दादा, तू शनिवारी इथेच यायचास ना, त्या मुलाला शिकवायला? मला पण शिकव की.’’ मी म्हणालो, बघू. (माझ्या लक्षात आलंय की तिलाही आणि त्यालाही मी ‘बघू’च म्हणालो.)

नेहरूनगरातून बसने पंधरा-वीस मिनिटांवर, जुहू रोडला, एसएनडीटीचं आवार आहे, सर विठ्ठलदास विद्याविहार. आत मुलींचं इंजिनियरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक, फार्मसी. म्हणजे संगणकाच्या लॅब आहेत, रसायनाच्या आहेत, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या, तिच्यासारख्याच घरांतून आलेल्या इंजिनियर मुली आहेत. ती त्या गेटवरून शेकडो वेळा गेली आहे. आत कधीच गेली नाही. आत जायला काही कारणच नव्हतं. धोंडो केशव कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका वाचली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ काढलं. परदेशातून कल्पना उचलायला त्या माणसाला लाज वाटली नाही आणि पैसा नाही म्हणून तो थांबलाही नाही. त्याच विद्यापीठाने रॉसची कल्पना उचलली तर कोण नावं ठेवणार आहे? एसएनडीटी हे मी उदाहरण घेतलं, कारण ते माझ्या बहिणीच्या वाटेवर आहे. कलिनाचं आवार, व्हीजेटीआय, आयसीटी, सगळ्यांना हाच प्रश्न.

मला उत्तरं माहीत आहेत, प्राध्यापक मित्रांकडून ऐकलेली. मे महिन्यात पेपर तपासायचे असतात. खरं आहे, आणि जो माणूस दिवसाला पन्नास उत्तरपत्रिका तपासतोय त्याला आणखी काम लावा असं मी म्हणत नाही. पण पीएचडी करणारी मुलं आहेत. निवृत्त शिक्षक आहेत. एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायला झाडं लावून फोटो काढणारे विद्यार्थी आहेत. त्यांचे तास इथे मोजा. आणि माझ्यासारखे, मुंबईभर पसरलेले हजारो इंजिनियर आहेत, जे शनिवारी तासाला अडीच हजारात विकत मिळतात, त्यातले काही बोलावलं तर फुकटही येतील. पैसे कोण देणार? हॉस्टेल नको, विमान नको. बसने येणारी चाळीस मुलं, दोन आठवडे, दुपारचा वडापाव आणि चहा. यासाठी बजेटची बैठक लागत असेल तर मग दुखणं दुसरंच आहे.

तिसरा आक्षेप खरा आहे, त्याची मला भीती वाटते : फुकट चालू केलं तरी दोन वर्षांत त्याचाही क्लास होईल, प्रवेशपरीक्षा येईल, प्रवेशपरीक्षेचे क्लास येतील, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट येईल. म्हणून माझी एकच अट आहे. सर्टिफिकेट द्यायचं नाही. काहीही नाही, मेडल नाही, फोटो नाही. अर्जाच्या दीडशे अक्षरांत बसेल असं काहीच हातात ठेवायचं नाही. मग जो येईल तो कशासाठी आला ते कळेल. निवड करायचीच तर एक पानभर कोडी द्या, आणि सोडवता आली नाहीत तरी कुठे अडकलो हे नीट लिहिणाऱ्यालाही आत घ्या.

जूनमध्ये अखेर मी रविवारी मामाकडे जायला लागलो. दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्या मुलाचाच डेटा घेऊन गेलो, तारीख आणि हवेचा शेरा, दोनच रकाने. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिने तो एक्सेलमध्ये उघडला. मी तिला मॉडेल वगैरे काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, उद्याची हवा कशी असेल हे तू कसं सांगशील?

ती थोडा वेळ खाली-वर स्क्रोल करत राहिली. मग म्हणाली, ‘‘आज जशी आहे तशीच.’’ शेऱ्याचा रकाना कॉपी केला, शेजारी एक ओळ खाली सरकवून चिकटवला, दोन्ही जुळतात का ते तिसऱ्या रकान्यात तपासलं आणि खाली टक्केवारी काढली. एमएससीआयटीत शिकलेलं सगळं. ८६ आले.

मी ते दोनदा तपासलं. तिला पोस्टर दाखवलं. तिने ८४ कडे बघितलं, मग आपल्या आकड्याकडे, मग माझ्याकडे.

‘‘दादा, मग त्याला तीन महिने काय शिकवलंस?’’