स्थिर नव्हे, सरकते


अमेरिकेचे 1966चे लष्करी दळणवळण उपग्रह भूस्थिर होते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. टायटन-3सी रॉकेटने 16 जूनला एका दमात सात उपग्रह सोडले ते सुमारे 33,900 किलोमीटर उंचीवर, म्हणजे भूस्थिर कक्षेच्या जरा खाली. त्यामुळे ते रोज जवळपास 30 अंश पूर्वेकडे सरकत. हा गाफीलपणा नव्हे, चोख हिशेब होता. जागा धरून ठेवणारी यंत्रणाच नको. एक बंद पडला तर मागचा आपसूक पुढे येतो. बॅटरीही नव्हती, त्यामुळे पृथ्वीच्या सावलीत शिरला की उपग्रह मुका! तरीही 1967मध्ये सायगावहून व्हिएतनाम युद्धाची छायाचित्रे याच उपग्रहांमार्फत वॉशिंग्टनला गेली.

सोव्हिएत रशियाची अडचण निराळी. भूस्थिर उपग्रह अतिउत्तरेकडच्या प्रदेशातून पाहिला तर क्षितिजाला टेकतो. म्हणून 1965पासूनच त्यांचे ‘मोल्निया’ उपग्रह 12 तासांच्या लंबवर्तुळाकार कक्षेत फिरत होते.

– एक वाचक