कॅप्टनचा पगार कशाचा?

विमानाच्या कॅप्टनला महिन्याला काही लाख मिळतात. लोक त्याच्या हुशारीचं कौतुक करतात. पैसा मात्र टंचाईचा असतो.

व्यावसायिक परवान्यासाठी भारतात 200 तासांचं उड्डाण लागतं. गोंदियात शिका की परदेशात, खर्च लाखांच्या घरात, बहुधा बापाच्या कर्जातून. कॅप्टनच्या परवान्याला तर 1500 तास. ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी. नापास झाला की उड्डाण बंद. म्हणून अनुभवी कॅप्टन मोजकेच. 2017च्या नियमानुसार नोकरी सोडताना त्यांना वर्षभराची नोटीस द्यावी लागते, यावरून काय ते समजावं!

नवा परवानाधारक मात्र अर्ज करत फिरतो. पालकांनी घर गहाण टाकण्याआधी कॅप्टनचा पगार विचारू नये. परवाना मिळाल्यावर पहिली नोकरी लागायला किती वर्षं जातात, ते विचारावं.