अंगठा आपला, नफा दलालाचा

भोर-वेल्ह्यात पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना घेऊन दलाल फिरतात. पानशेत, भाटघरच्या पाण्याजवळची जमीन त्यांना फार्महाऊसला हवी. पण दलाल स्वतःचे पैसे घालत नाही. घरात दवाखाना, लगीन अशी नड हेरून तो थोडा इसार देतो, साठेखतावर नाहीतर कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. मग रोकडवालं गिऱ्हाईक गाठून तोच सौदा चढ्या भावानं पुढं ढकलतो. मधला पैसा त्याचा. आपण मात्र आपल्याच रानात रोजानं जायचं.

भावाबहिणींनो, कायदा ध्यानात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६-अ: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर आधी शासनाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. वनहक्क कायदा २००६, कलम ४(४): वनहक्काची जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. रोकड कितीही दाखवली तरी हे बदलत नाही.

म्हणून इसार घेण्याआधी गावाला सांगा. कागद वाचून घेतल्याबिगर अंगठा नाही. आधीच दिला असेल तर लाजू नका. नक्कल घ्या आणि संघटनेच्या बैठकीला या.