आधी आईच्या हातात चहा द्या!

एडीएचडी हा शब्द आपल्या वस्तीत आता कानावर येऊ लागला आहे. पण त्याच्या आधी ‘वांड’, ‘मठ्ठ’ आणि ‘आईचं लक्ष नाही’ हे शब्द घरात शिरतात. शाळेत तर ‘यांच्यात असंच असतं’ म्हणून पोराला मागच्या बाकावर सोडून दिलं जातं. एडीएचडी हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, संस्कारांतला दोष नाही. लक्ष न टिकणं, सततची चुळबुळ, विचाराआधीच कृती, ही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून, किमान 6 महिने आणि घरी व शाळेतही दिसत असतील, तर तपासणी करून घ्यायलाच हवी.

अशा घरात सर्वांत अवघड वेळ सकाळची. ‘दात घास, कपडे घाल, दप्तर भर’ असं एका दमात सांगितलं की ब्रश तोंडातच राहतो आणि डोळे खिडकीतल्या कबुतरावर. मग आरडाओरड, धपाटा, रडणं. मूल शाळेत पोचतं ते आधीच हरून.

उपाय सांगणारे सगळे मुलाचं वेळापत्रक सांगतात. मी आधी आईचं विचारते. पाचला नळाचं पाणी, डबे, सासऱ्यांची गोळी, मग स्वतःची कामाची वेळ. घोटभर चहासुद्धा निवांत न मिळालेल्या बाईकडून आपण शांतपणाची अपेक्षा करतो! या मुलाला सकाळी एक तरी शांत मोठं माणूस लागतं. म्हणून मूल उठण्याआधी आईला बसून दहा मिनिटं मिळालीच पाहिजेत, आणि तेवढ्यात पाणी भरणं हे वडिलांचं काम. यात ‘मदत’ कसली? घर त्यांचंही आहे. शिवाय एडीएचडी बऱ्याचदा आनुवंशिक असतो. चाव्या हरवणारी, दूध उतू घालवणारी आई किंवा वडील स्वतःच त्यातून जात असतील. त्यांना टोमणे मारून काय साधणार?

बाकीचं बरंचसं काम रात्रीच उरकावं. गणवेश, मोजे, दप्तर दाराजवळ एकाच ठरलेल्या जागी. भिंतीवर क्रमाने चार चित्रं: ब्रश, आंघोळ, नाश्ता, दप्तर. सूचना एका वेळी एकच, तीही स्वयंपाकघरातून ओरडून नाही, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. टीव्ही आणि मोबाइल शाळा सुटेपर्यंत बंद. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट दिलं असेल तर त्याने भूक मंदावते, म्हणून नाश्ता गोळीच्या आधी किंवा गोळीसोबत. शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका, वाढवूही नका.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, सरकारी आणि अनुदानित शाळांतही, आणि त्या यादीत एडीएचडी आहे. पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, नुसतं वजन-उंची मोजून त्यांना जाऊ देऊ नका. आईचा स्वतःचा जीव मेटाकुटीला आला असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. मुलाला डॉक्टरकडे नेताना शाळेच्या वह्या सोबत घ्या, आणि वडिलांनाही.