रस्त्याआधी गावाची नोंद

आश्विन वद्य द्वादशीला आंबेगाव तालुक्यात दोन पूजा होतात. अवसरी बुद्रुक, मंचर, पारगाव या पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात त्या दिवशी वसुबारस असते, गोठ्यात गाय-वासराला ओवाळतात. भीमाशंकरच्या बाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांत हीच तिथी वाघबारस म्हणून पाळली जाते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळून घे, असे मागणे मागतात. गाय आणि तिच्यावर झडप घालणारा वाघ, दोघांनाही एकाच दिवशी आठवणारा हा तालुका आहे. आता तर गाय आणि बिबट्या यांचा मुक्कामही एकाच शिवारात पडला आहे. दिवाळी सरली की ऊसतोड सुरू होते आणि फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या येऊ लागतात.

या शिवारातून उद्या नवा महामार्ग गेला तर काय काय बदलेल, हा प्रश्न घेऊन यंदाचा दिवाळी अंक आपल्या हाती देत आहोत.

प्रश्न कल्पनेतला नाही. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आखलेल्या सुमारे २१३ किलोमीटरच्या पुणे-नाशिक औद्योगिक द्रुतगती मार्गाला जुन्नर-आंबेगाव परिसरातल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्याच सुमारास, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला मंजुरी दिली. आजच्या पुणे-नाशिक महामार्गाच्या चौपदरीकरणाची आठवण ताजी आहेच. त्यात वडाची जुनी झाडे गेली, गावांना बाह्यवळणे आली. एखादी आखणी मागे पडते, दुसरी पुढे येते. पुणे आणि नाशिक यांच्यामध्ये जो राहतो, त्याच्या बांधावर सीमांकनाचा दगड कधी ना कधी येणारच, असे समजून चाललेले बरे.

रस्ता नकोच, असे आम्ही म्हणत नाही. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा वेळेत बाजारात पोचावा, पुण्याच्या दवाखान्यात निघालेला रुग्ण चाकणच्या कोंडीत अडकू नये, हे कोणाला नको आहे? मात्र रस्त्याची किंमत केवळ डांबर-सिमेंटात मोजून भागत नाही. शंभर मीटर रुंदी धरली तर दर किलोमीटरला १० हेक्टर, म्हणजे जवळपास २५ एकर जमीन जाते. हा झाला ढोबळ हिशोब. खरा हिशोब त्या पंचवीस एकरांच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो.

पाण्यापासूनच सुरुवात करू. आपली जमीन काळ्या कातळाची. विहिरीला पाणी लागते ते वरच्या मातीखालच्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून. रस्ता सपाट ठेवण्यासाठी चढावर खोल खोदाई केली की त्या थरातले पाणी खोदलेल्या कडेने पाझरून निघून जाते आणि आजूबाजूच्या विहिरी उतरतात. सखल भागात उलटे घडते. तिथे भराव घालतात. भरावाखालच्या मोऱ्या ओढ्याच्या पुराला पुरल्या नाहीत, तर वरच्या बाजूच्या शेतात पाणी तुंबते आणि खालच्या बाजूचा ओढा कोरडा पडतो. डिंभ्याच्या कालव्यांनी आणि घोडनदीच्या बंधाऱ्यांनी हा पूर्व पट्टा बागायती केला. नदीवरून, विहिरीवरून शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने लांबलांबवर पाइपलाइन नेल्या. कर्ज काढून टाकलेल्या आणि दुसऱ्याच्या बांधाखालून गेलेल्या या पाइपलाइनी सरकारी नकाशावर बहुधा नसतातच. एक पाइपलाइन तुटली की रस्त्यापासून कितीतरी दूरचा मळा वाळतो.

भरावाची माती आणि मुरूमही कुठून तरी यावा लागतो. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेने रस्त्यांसारख्या लांब पट्ट्याच्या प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती रद्द केली. आंबेगावकरांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. उताराची माती हलवण्याआधी तिची परीक्षा झाली पाहिजे, हे या तालुक्याने सगळ्यांत मोठी किंमत मोजून शिकलेले आहे.

मग बिबट्या. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. माणूस आणि बिबट्या इतक्या दाटीने एकत्र राहतात असे प्रदेश जगात थोडे असतील. या सहवासाची किंमत इथल्या घरांनी माणसे आणि जनावरे गमावून चुकवली आहे. उसाचे पट्टे तोडत कुंपणबंद रस्ता गेला, तर बिबट्याच्या रात्रीच्या वाटा बदलतील. त्या कुठल्या वस्तीकडे वळतील, याचा अंदाज आधी घेतला नाही तर भोगायचे त्या वस्तीला. यावर उपाय नाही असेही नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा त्यांतून १८ जातींचे वन्यप्राणी ये-जा करताना दिसले. पण प्राणी नेमके कुठून जातात हे आधी ठाऊक असेल तरच अशी वाट योग्य जागी ठेवता येते.

हे सगळे आधी पाहण्यासाठीच कायदा आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ मध्ये निघाली, सध्याची १४ सप्टेंबर २००६ ची. नवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राकडे, नवा राज्य महामार्ग असेल तर राज्याच्या प्राधिकरणाकडे प्रकरण जाते. अभ्यास करणाऱ्या सल्लागार संस्थेला नेमतो आणि पैसे देतो तो प्रकल्प करणाराच. मोजणी बहुधा एका ऋतूपुरती असते आणि तो ऋतू पावसाळा सोडून. ज्या चार महिन्यांत ओढे बोलतात, पाझर दिसतात, पुराची रेषा कळते, नेमके तेच महिने बाहेर राहतात. बाहेरून आलेल्या अभ्यासकाने कितीही प्रामाणिकपणे काम केले तरी मार्चमध्ये कोरडा दिसणारा ओढा त्याला कोरडाच दिसणार.

ही उणीव भरून काढायला कायद्याने एक दार ठेवले आहे, जनसुनावणीचे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो, चित्रीकरण होते आणि झालेले कामकाज शेवटी लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. लेखी म्हणणेही देता येते. मात्र उपस्थितीची किमान अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी झाली असे कागदावर लागते.

या दाराचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद आहे, पण राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली जमीन घेताना ती लागू होत नाही. आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचा व्यवहार मुळात ज्याचा सातबारा जातो त्याच्याशी. ज्याची जमीन गेली नाही पण विहीर आटली, ज्याच्या कांद्यावर खडी क्रशरची धूळ बसली, ज्या मेंढपाळाची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट कुंपणाने बंद झाली, त्यांना मोबदल्याच्या यादीत जागा नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेणे कायद्याने बंधनकारक ठरते ते या सुनावणीत. म्हणून तिथे मोबदल्याचा दर एवढाच विषय निघाला, तर शेजाऱ्याचे नुकसान कायमचे अलिखित राहते.

म्हणणे ऐकले गेल्याचे एक उदाहरण जवळच आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली. पुणे-नाशिक रेल्वेच्या जुन्या आखणीवर तिथल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. गाड्यांमुळे उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ संकेतांत व्यत्यय आणतील, असे त्यांचे म्हणणे होते. ती आखणी बाजूला ठेवावी लागली. आघाताच्या छापील तक्त्यात अशा परिणामाला कोणी रकाना ठेवला नसेल. तरीही तो मान्य झाला, कारण सांगणाऱ्यांकडे मोजमाप होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे: हे मोजमाप गावाकडेही असले पाहिजे, आणि दगड रोवले जाण्याच्या आधी असले पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. ही नोंदवही लोकांनीच लिहावी, असा आग्रह माधव गाडगीळांनी धरला होता. ती कपाटात असेल तर बाहेर काढू या. कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, मोठ्या पुराची खूण कुठवर आहे, प्रत्येक विहिरीची पातळी दर महिन्याला किती, कोणाची पाइपलाइन कुठून कुठे गेली, बिबट्या कोणत्या बांधावर वरचेवर दिसतो, रस्त्यावर कोणते प्राणी कुठे मेले, मेंढ्यांचे वाडे कोणत्या वाटेने येतात, जुने वड आणि चिंचा किती आणि कुठे. हे लिहायला पदवी लागत नाही. म्हाताऱ्यांची आठवण आणि नातवंडांचा मोबाइल एकत्र आले तरी पुरे. विहिरींच्या मोजणीला तांत्रिक शिस्त हवी असेल तर अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना आपल्या दारातलाच प्रकल्प मिळेल.

अशी वही हाती असली तर सुनावणीत गाव दुसऱ्या भाषेत बोलू शकते. ही मोरी अपुरी आहे, या विहिरी उतरतील, बिबट्याची वाट इथे ठेवा, या दोन टेकड्यांना हात लावू नका, आहे तोच रस्ता सुधारण्याचा पर्याय तपासला का, हे गाव तारखांसह विचारेल आणि उत्तर देणे प्रकल्प करणाऱ्याला भाग पडेल. तरीही न ऐकले गेले तर हरित न्यायाधिकरणापुढे जाताना हातात कागद असेल. आणि रस्ता आलाच नाही, तरी पाण्याचे नियोजन करायला ही वही गावाच्याच कामी येईल.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. अवसरी बुद्रुकसह तालुक्यातल्या प्रत्येक गावाने त्या दिवशी हा विषय पटलावर घ्यावा, चार तरुण आणि चार जाणत्या बायामाणसांची समिती नेमावी आणि उन्हाळ्यात विहिरी उतरण्याआधी पहिली नोंद करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या गावाची वही तयार झाली की आम्हाला कळवा, पुढच्या दिवाळी अंकाची पाने तिच्यासाठी राखून ठेवतो.



– संपादक