फ्रीज म्हणजे मर्यादा नव्हे



चातुर्मास लागला की आपल्या महिला मंडळात पिठाच्या मर्यादेची उजळणी होते. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. लहान सुनासुद्धा घडाघडा म्हणून दाखवतात. छान वाटतं. मग त्याच घरातल्या फ्रीजचं दार उघडावं. मागच्या कप्प्यात अननसाचा अर्धा डबा, कापलेलं झाकण वर वाकवलेलं आणि त्यावर वाटी उपडी घातलेली. शेजारी नारळाचं दूध, त्यामागे मक्याचे दाणे. कधी फोडला गं हा? "मागच्या रविवारी... की त्याच्या मागच्या?"

म्हणजे पीठ चौथ्या दिवशी चालत नाही, आणि हा पाणीदार, शिजवलेला पदार्थ दहाव्या दिवशी चालतो. का, तर तो फ्रीजमध्ये आहे आणि त्यात कांदा-लसूण नाही! मला हे अजिबात पटत नाही. हवाबंद डबा फोडला की आतला माल आपल्या हातच्या भाजीसारखा धरावा. सकाळी फोडला तर सूर्यास्ताच्या आत संपवावा. संपणार नसेल तर फोडू नये.

डब्यावरची तारीख दाखवून माझ्याशी वाद घालणाऱ्या बऱ्याच भेटल्या. अगं, ती तारीख बंद डब्याची असते. हा डबा टिकतो कशामुळे ते तरी समजून घ्या. फ्रान्सच्या निकोला अपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच लावून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची रीत १८१० मध्ये पुस्तक काढून सांगितली. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. हे अन्न का टिकतं ते पुढे पाश्चरच्या प्रयोगांनंतर कळलं. उष्णतेने आतले सूक्ष्म जीव मरतात आणि झाकण पक्कं असल्याने बाहेरचे आत शिरत नाहीत. सारी किमया त्या बंद झाकणाची. ओपनरने ते कापलं की किमया संपली. आता ती वाटीतली उसळ.

त्यात पुन्हा तो पत्रा. लोखंडी पत्र्यावर कथलाचा पातळ थर असतो, काही डब्यांना आतून लाखेसारखा लेपही देतात. अननस, टोमॅटो अशा आंबट पदार्थाला डबा फोडल्यावर हवा लागली की कथील भराभर त्यात उतरू लागतं. डबाबंद अन्नात किलोमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कथील नको अशी मर्यादा ठरवलेली आहे, ती काही उगाच नाही. "उघडल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा" असं कितीतरी डब्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. उपवासाच्या पिठाच्या पुड्यावरची ओळन्‌ओळ वाचणाऱ्या आपण, नेमकी हीच ओळ कशी वाचत नाही?

आणि थंडाव्याने जीवोत्पत्ती थांबते, हा दुसरा गैरसमज. फ्रीजच्या ४-५ अंशांत ती मंदावते, एवढंच. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजमध्येही वाढतो. अमेरिकेचं शेतीखातं सांगतं की उघडलेल्या डब्यातला आंबट पदार्थ फ्रीजमध्ये ५ ते ७ दिवस ठेवा, मक्यासारखा बिनआंबट ३ ते ४ दिवस. लक्षात घ्या, ही माणसं जीवदयेसाठी बोलत नाहीत, पोट बिघडू नये म्हणून बोलतात. तरीही मक्याला ती चार दिवसांपलीकडे जाऊ देत नाहीत. आणि आपण, चलित रसाचा त्याग सांगणाऱ्या, दहाव्या दिवशी वास घेऊन "चांगला आहे की" म्हणतो.

पासलीत राहिल्यामुळे मला हे जास्त टोचत असेल. वेल्ह्याहून केळदकडे जाताना आमचं गाव लागतं. (तालुक्याचं नाव आता राजगड, पण तोंडात वेल्हेच बसलंय.) आषाढात पाऊस धरला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, काडेपेटी ओढावी तर गूल निघून येतो. कुठेतरी झाड तारांवर पडतं आणि लाइट जाते ती दुसऱ्या दिवशीच येते. तेवढ्या वेळात फ्रीज म्हणजे दार लावलेलं ओलं कपाट. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, "आमच्याकडे नाही जात लाइट." नसेल जात. पण मर्यादा पावसाळ्यात सर्वांत कमी का ठेवली, हे पासलीच्या ओल्या भिंतीकडे बघून जितकं कळतं तितकं चौथ्या मजल्यावर कळत नाही.

आमचं किराणा दुकान आहे आणि त्यात हे डबे विकायलाही आहेत, रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी. तेव्हा धंद्याला सोडूनच लिहितेय म्हणा.

नियमाने चालणाऱ्या मावशी विचारतील, बंद डबाच मुळात महिन्यांचा जुना, त्याला कसली मर्यादा लावतेस? खरं आहे. ज्यांचं शोधाचं जेवण आहे त्यांच्या घरी तो येतच नाही, आणि महाराजांच्या आहाराच्या चौक्यात तर त्याचा विचारही नको. पण आपण सगळ्या त्या पायरीवर नाही. नातवंडांसाठी, पाहुण्यांसाठी डबा आणला जातो. मोठा नियम झेपत नाही म्हणून लहानही सोडायचा, हे अणुव्रतांच्या धर्मात बसत नाही. फ्रीझरमध्ये गोठवून ठेवणाऱ्या काहीजणी आहेत. कित्येक घरांत बर्फच अभक्ष्यात धरतात, त्यांनी तरी हा मार्ग सांगू नये.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगते. मढे घाटाचा धबधबा बघायला ओळखीची, नात्यातली माणसं येतात, आमच्याकडे जेवतात आणि निघताना पिशवीतले अर्धे डबे ओट्यावर ठेवतात. "तुम्हाला होतील." तिकडे शहरात चतुर्दशी आली की असेच डबे कामाच्या मावशींच्या हातात जातात. आपल्याला चालत नाही, पण टाकवत नाही, म्हणून तिला! तिच्या घरी बहुतेक फ्रीज नसतो. ती तो डबा संध्याकाळपर्यंत पिशवीत बाळगणार आणि रात्री लेकराच्या ताटात वाढणार. याला दान म्हणायचं? दानाला द्रव्य शुद्ध लागतं हे आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी आल्यावर दानाच्या नावाने फ्रीज साफ करतो. जे माझ्या मुलाला देणार नाही ते तिच्या मुलाला देण्यात कसली आली अहिंसा?

फुगलेला डबा तर कुणालाच देऊ नका, गुरांच्या घमेल्यातही ओतू नका, फोडूसुद्धा नका. बॉट्युलिनम नावाच्या जंतूचं विष अशा डब्यात असू शकतं. त्याला ना वास असतो ना चव, आणि माणूस जाऊ शकतो. आणि विष असलेला प्रत्येक डबा फुगतोच असंही नाही.

टाकून देणंही मला मान्य नाही. उकिरड्यावर ओतलेल्या अननसाच्या रसात काय काय जन्मतं आणि मरतं ते दोन दिवसांनी जाऊन बघा. म्हणून विचार फोडण्याआधीच करायचा. दोन चमचे नारळाच्या दुधासाठी डबा कशाला? अर्धा नारळ खवून कोमट पाण्यात पिळला की पंधरा मिनिटांत होतं, हवं तेवढंच. पावसाळ्यात कणसं ताजी मिळतात. टोमॅटोची प्युरी ही काय विकत आणायची वस्तू आहे? कंडेन्स्ड मिल्कबाबत मात्र माझं मन थोडं सैल आहे. साखर भरपूर असल्याने ते लवकर बिघडत नाही. त्याला मी तापवलेल्या दुधासारखे २४ तास देते, तेही स्टीलच्या डब्यात काढून, वर वार आणि वेळ लिहून. त्यापुढे नाही.

जाऊबाई विचारत होत्या, मग पाहुण्यांसाठी अननसाचा शिरा करायचाच नाही का? करा की. डबा पुरता लागेल एवढा रवा घ्या. शिरा जास्त होईल, होऊ दे. गरम आहे तोवर शेजारच्या दोन घरी पाठवा, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना त्या आल्या आल्या बशी भरून द्या, आपण जेवायला बसण्याआधी.